खेळाडू, मुकादम आणि कारभारी



ज्याची हयात हमाल-मापाडी आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत गेली, त्या माणसाने टेनिसच्या एका खेळाडूवर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पाठीवरच्या पोत्याचा आणि हातातल्या रॅकेटचा संबंध काय, असे कोणी विचारले तर ते विचारणे गैर नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे टेनिस कसे खेळावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी घेणारही नाही.

परंतु खेळ हा आता नुसता खेळ राहिलेला नाही. तो धंदा झाला आहे. आणि जेथे धंदा आला तेथे राबणारा आला, राबवून घेणारा आला, आणि त्या दोघांच्या मधे उभा राहणारा तिसरा माणूसही आला. हा तिसरा माणूस बहुधा राबणाऱ्यांतूनच वर गेलेला असतो. गिरणीत त्याला जॉबर म्हणत, जिनिंगमध्ये त्याला मुकादम म्हणतात. खेळाच्या जगात त्याला आता मोठमोठी इंग्रजी नावे आहेत. मी त्याला आपला साधा मराठी शब्द वापरतो, कारभारी. खेळाडूचा कारभारी होतो तेव्हा नेमके काय घडते, हा आजचा विषय आहे. आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते आपल्याच महाराष्ट्रातले, श्री. गौरव नाटेकर यांचे.

नाटेकर हे नाव ऐकले की येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना प्रथम त्यांचे वडील आठवतील. नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीस जन्मले. पोरवयात त्यांचा ओढा टेनिसकडे होता. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कनिष्ठ गटाच्या अंतिम सामन्यात त्यांना रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करावी लागली, आणि त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटन जवळ केले. एका पराभवाने देशाला बॅडमिंटनचा पहिला मोठा खेळाडू मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला. २०२१ च्या जुलैत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले.

नंदू नाटेकरांचा काळ हा हौशी खेळाडूंचा काळ होता. खेळाबद्दल पैसा घेणे हे त्या काळी कमीपणाचे मानीत. ऐकायला हे किती उदात्त वाटते! पण जरा आत डोकावून पाहा. जो पैसा घेत नाही, त्याचे पोट कोणीतरी भरलेच पाहिजे. ज्याच्या घरी अन्नाची ददात नाही, किंवा ज्याला एखादी कंपनी खेळासाठी नोकरी देते, तोच हौशी राहू शकतो. रोजंदारीवरच्या बापाच्या मुलाला हौस परवडत नाही. तेव्हा हौशी खेळाचा हा नियम वरून सोवळा दिसला, तरी गरिबाला मैदानाबाहेर ठेवण्याचे काम तो चोख बजावीत असे.

टेनिसच्या जगात हा नियम १९६८ पर्यंत चालला. विम्बल्डन आणि तशा इतर मोठ्या स्पर्धांत तोवर धंदेवाईक खेळाडूला प्रवेशच नव्हता. पडद्याआडून मात्र हौशी म्हणवणाऱ्यांना ‘खर्चापोटी’ म्हणून पैसे मिळत असत. कागदावर एक आणि हातावर दुसरे, हा प्रकार आपल्या कामगारांना नवा नाही.

आता मुलाकडे वळू. गौरव नाटेकर टेनिस खेळले. डेव्हिस चषकात ते देशातर्फे उतरले आणि राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यांनी मिळवले. पण ज्या विजयाने त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले तो १९९४ च्या ऑक्टोबरातला. हिरोशिमा येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. तेथे त्यांनी आणि लिअँडर पेस यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. सांघिक सुवर्णपदकातही दोघांचा वाटा होता. दोघेही विशी-बाविशीतले तरुण. १९९६ साली गौरव यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि बाप-लेक दोघेही अर्जुन ठरले.

त्या हिरोशिमात भारताला सुवर्णपदके मिळाली एकूण चार. दोन टेनिसची, एक जसपाल राणा यांच्या नेमबाजीचे, आणि चौथे कोणते? कबड्डीचे! अमरावतीकरांनी हे चौथे पदक विसरता कामा नये. याच गावात वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले, आणि १९३६ साली या मंडळाचा संघ बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आला. त्या गोष्टीला चोपन्न वर्षे झाल्यावर, १९९० साली, आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. म्हणजे हिरोशिमाच्या चार सुवर्णांपैकी एका सुवर्णाला थोडीशी आपल्या गावची माती लागलेली आहे. या मंडळाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

ज्यांनी टेनिस पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दुहेरी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. टेनिसचे मैदान अठ्ठ्याहत्तर फूट लांब असते. एकेरीत त्याची रुंदी सत्तावीस फूट धरतात, दुहेरीत छत्तीस. एका बाजूला दोघे उभे राहतात. दुहेरीतला सर्वांत अवघड चेंडू कोपऱ्यात जाणारा नसतो. तो दोघांच्या बरोबर मधून जाणारा असतो. तो कोणी घ्यायचा? दोघेही धावले तर रॅकेटी एकमेकींवर आपटतात. ‘तुझा, तुझा’ म्हणून दोघेही थांबले तर गुण जातो. या मधल्या चेंडूचा निकाल ज्यांनी आधीच लावून ठेवलेला असतो, तीच जोडी जिंकते. संसार असो की संघटना, पुष्कळ भांडणे या मधल्या चेंडूवरच होतात, हे मी आपणास वेगळे सांगायला नको.

दुहेरीतल्या माणसाला आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. ती म्हणजे कमी दामात बरोबरीचे काम करणे. २०२५ साली विम्बल्डनला एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळाले ६ लाख ८० हजार, तेही दोघांत मिळून. एकाच्या वाट्याला ३ लाख ४० हजार, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्श्याला. मैदान तेच, गवत तेच, जाळे तेच! एकेरीवाला पाच सेट खेळतो, त्याला पाहायला गर्दी अधिक होते, हे मला मान्य आहे. पण मजुरीचा दर गर्दीवर ठरवायचा की मेहनतीवर, हा प्रश्न राहतोच. २००५ साली टेनिसच्या चालकांनी दुहेरीचे नियम असे बदलायचे ठरवले, की नुसते दुहेरी खेळून पोट भरणाऱ्यांच्या पोटावरच पाय यावा. तेव्हा अमेरिकेच्या ब्रायन बंधूंसह चाळीसहून अधिक दुहेरीवाले एकत्र झाले आणि कोर्टात गेले. शेवटी तडजोड झाली. सामने आखूड झाले, पण दुहेरीवाल्यांची जागा राहिली. मोठमोठी नावे असलेल्या या मंडळींनाही एकट्याने गाऱ्हाणे मांडून काही मिळाले नाही. एकजूट केल्यावरच मिळाले.

बरे, खेळाडूचे आयुष्य असते किती? हमालाची पाठ पन्नाशीला वाकते. टेनिसपटूचा गुडघा आणि खांदा पस्तिशीच्या आतच बोलू लागतो. पुढचे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य त्याने काय करायचे? कोणी सरकारी नोकरीत जातो, कोणी समालोचन करतो, कोणी शिकवतो. गौरव नाटेकरांनी कारभाराचा मार्ग धरला. दुहेरीतले दुसरे नामवंत महेश भूपती यांच्या नावाने टेनिसच्या प्रशिक्षण संस्था निघाल्या, त्यांचे मुख्य कार्यकारी म्हणून त्यांनी काम पाहिले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सौ. आरती पोन्नप्पा-नाटेकर यांनी, ज्या स्वतः टेनिस खेळलेल्या आहेत, स्वतःची क्रीडासंस्था काढली. आणि २०२५ च्या आरंभी या पतिपत्नींनी मुंबईत ‘वर्ल्ड पिकलबॉल लीग’ नावाची स्पर्धा भरवली. २४ जानेवारी ते २ फेब्रुवारी, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात, सहा शहरांच्या नावांचे सहा संघ उतरले. देशोदेशींचे खेळाडू आले.

पिकलबॉल हा शब्द ऐकून काहींना लोणचे आठवेल. खेळ मोठा सुटसुटीत आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या एका बेटावर सुट्टी घालवणाऱ्या तीन गृहस्थांनी तो काढला. त्यांच्याजवळ बॅडमिंटनचे मैदान होते, पण साहित्य पुरे नव्हते. म्हणून त्यांनी लाकडी फळ्या आणि भोके पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेतला. आजही त्याचे मैदान चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढेच असते. योगायोग पाहा, बाप टेनिस सोडून ज्या मापाच्या मैदानावर गेला, मुलगाही टेनिस सोडून त्याच मापाच्या मैदानावर आला! एका टेनिस मैदानाच्या जागेत या खेळाची तीन-चार मैदाने बसतात, आणि हा खेळ बहुतेक दुहेरीतच खेळतात. भारतात तो आणला २००६-०७ च्या सुमारास सुनील वालावलकर यांनी, तेही मराठी माणूसच. म्हातारे खेळू शकतात, पोरे खेळू शकतात. थोड्या जागेत पुष्कळ माणसे, हे गणित ज्याला कळले त्याला या खेळात धंदा दिसला तर नवल नाही.

येथे मी माझ्या मूळ प्रश्नाशी येतो. खेळाडू असताना नाटेकर आणि त्यांच्यासारखे इतर राबणारे होते. स्पर्धा दुसऱ्याची, तारखा दुसऱ्याच्या, बक्षिसाचा आकडा दुसऱ्याचा. आता ते स्पर्धा भरवतात, तारखा ठरवतात, संघांना मालक मिळवून देतात, खेळाडूंशी करार करतात. खाट तीच राहिली, पण ते उशाकडून पायथ्याशी आले की पायथ्याकडून उशाशी गेले, हे पाहायला हवे. नाटेकरांवर माझा कसलाही आरोप नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याने स्वतः घाम गाळला आहे त्याच्या हाती कारभार जाणे, हे कधीही मैदान न पाहिलेल्याच्या हाती जाण्यापेक्षा केव्हाही बरे. मला सांगायचे आहे ते त्या जागेविषयी, माणसाविषयी नव्हे.

जुन्या कापडगिरण्यांतला जॉबर कसा असे, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी गिरणीचा पगार येत होता त्यांना ठाऊक असेल. तो आधी साचेवालाच असे. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा, हुशार, दहा माणसांत उठून दिसणारा. मालक त्याला उचलून वर घेई. मग भरती त्याच्या हाती, बदली त्याच्या हाती, आणि नव्या माणसाकडून दस्तुरी घेणेही त्याच्याच हाती. कालचा सोबती आज दाराशी टोपी काढून उभा राही. जिनिंगच्या हंगामात मी पाहिलेला एक मुकादम असाच होता. रेच्यावर काम करताना कापसाच्या धुळीने खोकून खोकून बेजार झालेला. पण मुकादम झाल्यावर तोंडाला फडके बांधायला मागणाऱ्या बायांना तो म्हणे, ‘आम्ही नाही का काम केलं तसंच?’ ही भाषा ओळखून ठेवा. ‘आम्ही सोसले, तुम्हीही सोसा’ असे म्हणणारा माणूस स्वतःच्या दुःखाचे भांडवल करून दुसऱ्याचे दुःख विकत असतो. त्याच्या शेजारच्याच जिनिंगमधला दुसरा मुकादम मात्र हजेरीचे पुस्तक सर्वांना उघडे ठेवी. दोघेही कामगारांतूनच आलेले. तेव्हा ‘आपला माणूस वर गेला’ एवढ्याने भागत नाही. वर गेल्यावर पुस्तक उघडे राहिले की मिटले, ते पाहावे लागते.

जगाच्या टेनिसमध्ये याचे मोठे बोलके उदाहरण आहे. अमेरिकेचा जॅक क्रेमर. रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. १९२१ चा जन्म. १९४६ आणि १९४७ साली त्याने विम्बल्डनची दुहेरी जिंकली, १९४७ साली एकेरीही जिंकली. मग तो उघडपणे धंदेवाईक झाला, आणि थोड्याच वर्षांत खेळाडूंना करारावर घेऊन गावोगाव सामने भरवणारा कारभारी झाला. त्याने खेळाडूंना पोट भरण्याचा मार्ग दाखवला, हे खरे. पण याच क्रेमरच्या फडात पांचो गोन्झालेस नावाचा मेक्सिकन वंशाचा, गरिबीतून वर आलेला खेळाडू होता. टोनी ट्रॅबर्टबरोबरच्या मालिकेत त्याने ७४ सामने जिंकले, २७ हरला. तरी जुन्या करारात अडकल्यामुळे त्याला मिळालेली रक्कम हरणाऱ्या ट्रॅबर्टच्या रकमेच्या जवळपासही नव्हती! जिंकणाऱ्याला थोडे आणि हरणाऱ्याला पुष्कळ, असा हा करार. गोन्झालेसने क्रेमरशी जन्मभर दावा धरला असेल तर त्यात आश्चर्य ते काय?

पुढे १९७० साली हाच क्रेमर लॉस एंजेलिसच्या स्पर्धेचा चालक होता. तेथे पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर असा दर लागला. तेव्हा बिली जीन किंग आणि आणखी आठ जणी उठल्या. त्यांनी प्रत्येकी एका डॉलरचा करार करून ह्यूस्टनला आपली वेगळी स्पर्धा भरवली. ही बिली जीन म्हणजे आग विझवणाऱ्या बंबवाल्याची मुलगी. विम्बल्डनचे तिचे पहिले पदक १९६१ सालचे, तेही दुहेरीचे. १९७३ साली तिने स्त्री खेळाडूंची संघटना उभी केली. दुहेरीतून आलेला कारभारी असाही असतो.

आता गंमत पाहा. ज्या क्रेमरने गोन्झालेसला करारात जखडले आणि बायकांना कमी दर दिला, तोच क्रेमर १९७२ साली पुरुष खेळाडूंच्या नव्या संघटनेचा कार्यकारी संचालक झाला. दुसऱ्याच वर्षी निकोला पिलिच नावाच्या युगोस्लाव्ह खेळाडूवर त्याच्या देशाच्या संघटनेने बंदी घातली, कारण काय तर तो डेव्हिस चषकाच्या सामन्याला उतरला नाही. खेळाडूंच्या संघटनेने ठरवले, एकावर अन्याय तो सर्वांवर अन्याय. १९७३ च्या विम्बल्डनवर ८१ खेळाडूंनी बहिष्कार टाकला. मानांकित सोळांपैकी तेरा जण आले नाहीत. इंग्लंडातली वर्तमानपत्रे क्रेमरवर तुटून पडली, पण खेळाडू हलले नाहीत. मी याला जगातला एक उत्तम संप म्हणतो. ज्यांना एका स्पर्धेत वर्षाची कमाई होणार, त्यांनी ती दुसऱ्याच्या हक्कासाठी सोडली.

मग हा क्रेमर चांगला की वाईट? हा प्रश्नच चुकीचा आहे. तोच माणूस मालकाच्या खुर्चीत बसला तेव्हा मालकासारखा वागला, आणि खेळाडूंनी आपल्या संघटनेत बसवला तेव्हा खेळाडूंसाठी लढला. कारण त्या दुसऱ्या खुर्चीखाली खेळाडूंची मते होती. माणसाचा स्वभाव फारसा बदलत नाही. त्याला जाब विचारणारा कोण, हे बदलले की त्याची वागणूक बदलते. आजच्या व्याख्यानातले एवढे एकच वाक्य आपण घरी नेलेत तरी मला पुष्कळ झाले.

आणि संघटना एकदा झाली म्हणजे कायमची झाली असेही नाही. पुरुषांची ही संघटना १९९० पासून खेळाडू आणि स्पर्धाचालक यांची मिळून संस्था झाली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर युनियन आणि मालक एकाच कचेरीत बसू लागले. मग २०२० साली नोव्हाक जोकोविच आणि वासेक पोस्पिसिल यांनी खेळाडूंची वेगळी संघटना काढली. हा पोस्पिसिल म्हणजे २०१४ चा विम्बल्डन दुहेरीचा विजेता. २०२५ च्या मार्चमध्ये त्या संघटनेने टेनिसच्या चालकांवर दावाच लावला. चाक पुन्हा फिरले!

आपल्या देशात काय? २०१३ च्या आरंभी, दक्षिण कोरियाविरुद्धच्या डेव्हिस चषकाच्या लढतीपूर्वी, सोमदेव देववर्मन आणि इतर मिळून अकरा खेळाडूंनी राष्ट्रीय संघटनेपुढे मागण्या ठेवल्या. बक्षिसाचा वाटा, प्रवास, संघाबरोबरचे वैद्य आणि मार्गदर्शक, अशा या साध्या गोष्टी होत्या. त्या मान्य झाल्या नाहीत, खेळाडू दूर राहिले, दुबळा संघ उतरला आणि हरला. त्यानंतर टेनिसपटूंची संघटना निघाली. हे वाचताना मला वाटले, अरे, ही तर आपलीच मागणीपत्रके! पिण्याचे पाणी, औषधाची पेटी, प्रवासभत्ता. फक्त कपडे पांढरे.

पिकलबॉलचे तर अजून बाळसेही धरलेले नाही, तोच दोन संघटना उभ्या आहेत. २०२५ साली केंद्र सरकारने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. जुनी ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन न्यायालयात गेली. एका गिरणीत दोन युनियन आणि मान्यता एकीला, हा तमाशा आपण पुष्कळ पाहिला आहे. त्यात कामगारांचे हित होते की मालकाचे, हेही आपण पाहिले आहे.

तेव्हा खेळाचा कारभार सुधारायचा तर नुसते नामवंत खेळाडू खुर्चीत बसवून भागणार नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात एक फार शहाणपणाची अट होती. युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी निदान निम्मे तरी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे असले पाहिजेत. निवृत्त झालेले नव्हेत, आज राबणारे! २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यांत निदान दोन उत्तम खेळाडू, खेळाडूंच्या समितीने निवडून दिलेले दोघे आणि निदान चार स्त्रिया असाव्यात, असे म्हटले आहे. पाऊल पुढे पडले, याबद्दल वाद नाही. पण पंधरांत चौघे! मत मोजायची वेळ आली म्हणजे चारांचे काय होते, ते कोणत्याही संयुक्त समितीवर बसलेला कामगार आपल्याला सांगेल.

आता आपल्या वऱ्हाडाचे बोलू. अमरावती आणि अकोला येथे गुणी मुले नाहीत काय? मेच्या उन्हात पहाटे पाचाला उठून मैदानावर पळणारी पोरे-पोरी आपण रोज पाहतो. त्यांना मोठ्या शहरांची ओढ लागते, कारण करार तेथे होतात. उद्या एखादा नामवंत खेळाडू कारभारी होऊन आपल्या गावात येईल, शिबिर भरवील, लीग काढील, आपल्या पोरांशी करार करील. त्याचे स्वागत करावे. हारही घालावा. पण हार घालून झाल्यावर चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, मैदान कोणाला मिळणार? फी भरणाऱ्यालाच, की सफाई कामगाराच्या मुलीलाही काही तास राखून ठेवणार? दुसरा, करार कोणत्या भाषेत? ज्या मुलाचे भविष्य त्या कागदावर आहे, त्याच्या आईला तो वाचता यावा, मराठीत यावा, आणि सही करण्यापूर्वी आठ दिवस घरी नेता यावा. तिसरा, मुलगा खेळताना जायबंदी झाला तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा? हमालाच्या पायावर गठाण पडली तर भरपाई कोण देणार, हे ठरवून घ्यायला आमच्या माणसांना किती वर्षे लढावे लागले! १९६९ च्या माथाडी कायद्यापूर्वी हमालाला मालकच नसे. तो सर्वांचे ओझे वाही आणि कोणाचाच नसे. खेळाडूची अवस्था आज पुष्कळ ठिकाणी तशीच आहे. आणि चौथा प्रश्न, हिशेब कोणापुढे मांडणार?

हे चार प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. नाटेकरांसारखा ज्याने खेळ खेळून पाहिला आहे, त्याला हे प्रश्न सर्वांत लवकर कळतील, कारण कधीकाळी त्याच्याही मनात ते आलेच असतील. चांगल्या कारभाऱ्याला अशा प्रश्नांची भीती वाटत नाही, उलट आधार वाटतो. पैसा घालणाऱ्याच्या रेट्यापुढे ‘माझे लोक मला विचारतील’ एवढे म्हणता येणे, ही कारभाऱ्याची मोठी ढाल असते.

आणि हे आपल्याला अशक्य नाही. ज्या गावाने १९१४ साली, परक्याच्या राज्यात, एखाद्या कंपनीच्या आधारावाचून व्यायाम मंडळ उभे केले आणि बर्लिनपर्यंत आपली माणसे पाठवली, त्या गावाला खेळाची संस्था कशी चालवावी हे बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. त्या मंडळाची मोठी कमाई पदकांत नव्हती. तेथून शिकून गेलेले व्यायामशिक्षक शाळाशाळांत पसरले, ती खरी कमाई. एकटा अजिंक्यवीर फार तर एक पिढी गाजवतो. शिक्षक दहा पिढ्या घडवतो. लीग दहा दिवसांची असते, आखाडा बारमाही असतो. दोन्ही असू द्यावीत, पण कशाच्या जिवावर काय चालते, हे विसरू नये.

दुहेरीच्या खेळात जोडीदार ‘तुझा’ म्हणून हाक देतो, तेव्हा दुसऱ्याने जागा सोडायची नसते, चेंडू घ्यायचा असतो. खेळाडूचा कारभारी झालेल्या प्रत्येकाचा जोडीदार तळच्या पायरीवर उभा आहे. तो आज अनोळखी आहे, त्याचे नाव कोणत्या पत्रात नाही, त्याच्या पायांत कदाचित उसने बूट आहेत. त्याची हाक ऐकू यावी एवढ्या अंतरावर कारभाऱ्याची खुर्ची ठेवणे, हे काम त्याच्या एकट्याचे नाही. ते तुमचे, माझे, या गावाचे आहे.